प्रार्थनेला शब्दच येत नाहीत, म्हणजे माझा विश्वास संपला का?

पत्र नागपूरहून आलंय. लिहिणारीच्या विनंतीप्रमाणे नाव, मोहल्ला, चर्च काहीच देत नाहीये. ती ३१ वर्षांची, खासगी शाळेत शिक्षिका, आईसोबत राहते आणि दर रविवारी चर्चमध्ये संडे स्कूल घेते. वडिलांच्या किडन्या शुगरने गेल्या, दोन वर्षं डायलिसिस चाललं. चर्चच्या मंडळीने उपास धरले, पाळीपाळीने साखळी प्रार्थना केली, आणि मागच्या ऑगस्टमध्ये वडील गेले. आठवडाही झाला नसेल, प्रार्थना ग्रुपमधल्या एक काकू घरी येऊन आईसमोर म्हणाल्या, "घरात कोणाचा तरी विश्वास कमी पडला असेल." तेव्हापासून हिची प्रार्थना बंद आहे. उपासनेत सगळे डोळे मिटून गात असतात आणि ही उद्याच्या डब्याला काय करायचं याचा विचार करत असते. रात्रीच्या कुटुंबप्रार्थनेत फक्त बायबलमधलं वचन वाचते, पुढचं सगळं आईच बोलते. संडे स्कूलमधल्या एका छोट्या मुलीने विचारलं, "टीचर, आपण सगळ्यांनी प्रार्थना केली होती ना, मग?" तेव्हा हिला काही उत्तर देता आलं नाही. आता वाटतंय की आपण ढोंगी आहोत, संडे स्कूल सोडावं, नाहीतर चर्चच सोडावं, नाहीतर मैत्रीण म्हणते तसं एखाद्या मोठ्या मंडळीत जावं जिथे "खरा अनुभव येतो". शेवटची ओळ अशी आहे: "ताई, माझा विश्वास संपला का? खरं सांगा."

प्रभूच्या नावात सलाम.

तुला तू म्हणते, चालेल ना. खरं सांग म्हणालीस म्हणून आधी तेच सांगते, मला नाही वाटत संपला. तुझं पत्र मी परत परत वाचलं आणि त्यात "देव नाही" असं कुठेच लिहिलेलं नाही, "मी त्याच्याशी बोलत नाही" असं मात्र जागोजागी आहे. हा अबोला आहे गं. आणि अबोला आपण घरच्या माणसाशीच धरतो, रस्त्यावरच्या अनोळखी माणसाशी कोण कशाला धरेल. तुला त्याचा राग आलाय, तुला त्याच्याकडून उत्तर पाहिजे आणि ते मिळत नाहीये, हे सगळं दुखणं नात्यातलं आहे. नातं संपलेल्या माणसाला एवढं दुखत नाही.

आता त्या काकूंचं वाक्य. बाकीच्या सगळ्या गोष्टी त्या एका वाक्यावर उभ्या आहेत असं मला वाटतं, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिते. तू पत्रात म्हणतेस की "मी त्यांचं मनावर घेतलं नाही", पण लगेच पुढच्याच पानावर विचारतेस की शेवटच्या महिन्यात मी थकून झोपून जायची, प्रार्थना करायची नाही, त्यामुळे तर झालं नसेल? म्हणजे घेतलंस ना मनावर. मग हा हिशोब एकदा नीट मांडूनच बघू. शुगर आणि बीपी ही किडनी निकामी होण्याची सगळ्यात मोठी कारणं आहेत. डायलिसिसने रक्त साफ होतं, माणसाला वेळ मिळतो, पण गेलेली किडनी त्याने परत येत नाही. दोन वर्षं तुम्ही त्यांना मशीनवर नेलं, आणलं, पाणी मोजून दिलं, मीठ तोडलं, तू शाळेतून थेट दवाखान्यात पोचायचीस. ते एका आजाराने गेले. तुझ्या झोपेने नाही गेले.

आणि शास्त्रातच बघायचं तर बायबलमधल्या योहानाचा ९ वा अध्याय काढ. जन्मापासून आंधळा माणूस दिसतो आणि शिष्यांचा पहिला प्रश्न काय तर पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? काकूंचा प्रश्न हाच होता, दोन हजार वर्षांत काही बदललं नाही. प्रभू येशूने काय उत्तर दिलं? यानेही नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. एवढं सरळ लिहिलेलं असताना आपल्या मंडळ्यांमध्ये आजही मयताच्या घरी जाऊन हाच प्रश्न विचारला जातो याचं मला फार वाईट वाटतं. प्रेषित पौलाने स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली आणि काटा निघाला नाही, "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढंच उत्तर मिळालं. पौलाचा विश्वास कमी पडला असं म्हणायची कोणाची हिंमत आहे का?

आपल्या नागपूरचंच बघ. हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना माहीत आहे, पण ज्यांच्या नावाने आहे ते स्टीफन हिस्लॉप कसे गेले हे फार थोड्यांना माहीत असतं. १८४५ मध्ये ते मिशनरी म्हणून स्कॉटलंडहून इथे आले, शाळा काढली, गोंड लोकांची भाषा आणि गाणी गोळा केली, इथले दगड आणि जीवाश्म अभ्यासले, १८ वर्षं या उन्हात काढली, आणि ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटकडे गेले असताना नाल्याच्या पुरात बुडून गेले. पन्नाशीही गाठली नव्हती. सेवेच्या कामावर असलेला माणूस असा गेला. त्यांच्या घरच्यांना त्या रात्री काय वाटलं असेल याचा विचार कर. कोणाचा विश्वास कमी पडला म्हणून नाल्याला पूर आला असं म्हणता येईल का? नाही येणार. तसंच तुझ्या पप्पांचं.

मग प्रार्थना कशाला केली, हा प्रश्न उरतोच. त्या छोट्या मुलीनेही तोच विचारला आणि मी त्याला गोड उत्तर देऊन झाकणार नाही. पप्पा बरे का झाले नाहीत हे मला माहीत नाही आणि ज्यांना माहीत आहे असं वाटतं त्यांच्यापासून जरा लांब राहा असंच मी म्हणेन. पण हे बघ की हा प्रश्न विचारायची जागा शास्त्राने स्वतः ठेवलेली आहे. दीडशे स्तोत्रांपैकी साधारण तिसरा हिस्सा तक्रारीची आणि विलापाची स्तोत्रं आहेत. १३ वं स्तोत्र सुरूच होतं "हे परमेश्वरा, किती वेळ" असं. ८८ वं तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, शेवटी "पण तरी मी स्तुती करीन" असंही येत नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कोणी काढून नाही टाकलं. नुकताच गुड फ्रायडे झाला, वधस्तंभावरच्या सात उद्गारांवरचे संदेश तूही ऐकले असशील. चौथा उद्गार काय होता? "एली, एली, लमा सबख्थनी", म्हणजे माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. प्रभूने तो २२ व्या स्तोत्रातून घेतला, म्हणजे वधस्तंभावर त्याच्या तोंडी प्रार्थना आली ती तक्रारीची आली. आपण वर्षातून एकदा त्यावर अर्धा तास बोलतो आणि ईस्टरनंतर कोणी मंडळीत तसंच बोललं की त्याला विश्वास वाढव म्हणून सांगतो.

दुसरी गोष्ट, तुला उपासनेत काही वाटत नाही. तू धरून चालली आहेस की वाटणं म्हणजेच विश्वास, डोळ्यांत पाणी आलं म्हणजे देव जवळ आणि डब्याचा विचार आला म्हणजे देव गेला. हे कोणी शिकवलं तुला? बहुतेक कोणी नाही, स्टेजवरचं वातावरण बघून आपण सगळेच हळूहळू असं धरून चालायला लागलोय. मदर तेरेसांची पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर १० वर्षांनी, २००७ मध्ये छापून आली, तेव्हा जगाला कळलं की त्या बाईने कित्येक दशकं आतून नुसता कोरडेपणा आणि अंधार सोसला. रोज पहाटे प्रार्थना, रोज मरणाऱ्या माणसांची सेवा, आणि आत काही वाटत नाही. तरी त्या राहिल्या. त्यांचं राहणं खोटं होतं असं तू म्हणशील का? मी तर म्हणेन की वाटत असताना राहणं सोपं आहे, वाटत नसताना राहिल्या म्हणून तो विश्वास मला जास्त खरा वाटतो.

आणि घाई करू नकोस. आठ महिने झालेत फक्त. कवी ना. वा. टिळक १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने जात होते, त्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, आणि बाप्तिस्मा झाला फेब्रुवारी १८९५ मध्ये. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना तर त्यानंतर आणखी पाच वर्षं लागली, आणि ती वर्षं किती रडारडीची, ताटातुटीची होती हे महाराष्ट्राला माहीत आहे. देवाने त्या बाईला पाच वर्षं वेळ दिला. तू स्वतःला आठ महिन्यांत निकाल लावायला का सांगतेस?

तू ढोंगी शब्द वापरलास, तो मला खटकला. ढोंगी तो, जो लोकांनी वाहवा करावी म्हणून करतो. तू तर लपून रडतेस. आतून कोरडी असताना मंडळीसोबत उभं राहून गाणं म्हणणं हे ढोंग नाही, त्या दिवशी बाकीचे तुझ्या वाटचं गातात. मार्कच्या दुसऱ्या अध्यायातला तो पक्षाघाती आठव. चौघांनी उचलून आणला, छप्पर उसकलं आणि खाली सोडला. प्रभूने कोणाचा विश्वास पाहिला म्हणून लिहिलंय? "त्यांचा." त्या खाटेवर पडलेल्याला त्या वेळी काय वाटत होतं हे मार्कने लिहिलेलंच नाही. सध्या तू खाटेवर आहेस, पडून राहा. वर्षानुवर्षं तू दुसऱ्यांची खाट उचललीस ना.

आता तुझे तीन पर्याय.

संडे स्कूल. सोडू नको, सुट्टी घे. असंही आता शाळांना उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागतील, व्हीबीएसची, म्हणजे मुलांच्या सुट्टीतल्या बायबल शाळेची तयारी सुरू होईल आणि दरवर्षीप्रमाणे चर्चचे पाळकसाहेब तुलाच विचारतील कारण तू नाही म्हणत नाहीस. यावर्षी नाही म्हण. कारण द्यायचं तर "पप्पांनंतर मला थोडी विश्रांती पाहिजे" एवढं पुरे, संपूर्ण कहाणी सांगायची काही गरज नाही. मागच्या बाकावर बस, जून-जुलैमध्ये परत बघ. परत गेलीस तर त्या मुलीला उत्तर मात्र दे, ती वाट बघत असेल. "मलाही माहीत नाही बेटा, मीपण देवाला हेच विचारतेय" एवढं सांगितलंस तरी चालेल. मुलांना टीचरला सगळं माहीत नसलं तर चालतं, टीचर खोटं बोलली तर चालत नाही. मला तर वाटतं त्या वर्गात यावर्षी दिलेला सगळ्यात चांगला धडा तोच ठरेल.

चर्च सोडणं. नको गं. दुःखात असताना घर बदलू नये, नोकरी सोडू नये म्हणतात ना, तसंच हेही. प्रभू उठला हे न मानणाऱ्या शिष्य थोमाचं उदाहरण आपण नेहमी संशयासाठी देतो पण एक गोष्ट कोणी सांगत नाही, की "मी बघितल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही" असं तोंडावर म्हणूनही तो आठ दिवसांनी त्याच खोलीत बाकीच्यांसोबत होता. तोही गेला नाही, आणि त्यांनीही त्याला काढलं नाही. प्रभू आला तेव्हा तो तिथे होता म्हणून भेट झाली. काकू समोर दिसल्या की पोटात गोळा येतो असं तू लिहिलंयस, तर थोडे दिवस मराठीऐवजी इंग्रजी सर्व्हिसला जा, नाहीतर सदरमध्ये एवढी चर्चेस आहेत, एखाद्या रविवारी दुसरीकडे शांत बसून ये. घरीच बसायची सवय मात्र लावून घेऊ नको, एकदा रविवारची सकाळ मोकळी मिळाली की परत निघणं फार जड जातं.

आणि मोठी मंडळी. तिथे जाऊच नको असं नाही म्हणत, चांगल्या मंडळ्या आहेत, चांगले पास्टर आहेत. पण तू अनुभव शोधायला चाललीस तर पहिल्या दोन-तीन रविवारी गाण्याने, लाईटने, गर्दीने भरून येईल, आणि चौथ्या रविवारी परत डबा आठवेल, मग तुला वाटेल आता तर मी नक्कीच संपले. तुझ्यासारख्या बाकी वाचकांसाठीही सांगते, की जिथे आजारी माणसाला औषध बंद करा म्हणतात, जिथे बरं होण्यासाठी आधी अर्पण ठरवतात, किंवा बरा झाला नाही की दोष घरच्यांवर टाकतात, तिथून सरळ उठून यायचं. यात देवाचा अपमान होत नाही.

प्रार्थनेचं काय करायचं? बोलू नकोस, वाच. रोज एकच स्तोत्र, १३, २२, ४२, ७७, ८८ यातलं कोणतंही, आणि मोठ्याने वाच म्हणजे स्वतःच्या कानावर पडेल. काही वाटलं तर ठीक, नाही वाटलं तर वही काढून एक ओळ लिही, रागाची असली तरी चालेल, तुझीच भाषा, "पप्पांना काहून नेलं" असं लिहायचं असेल तर तसंच लिही. त्याला वऱ्हाडी कळते. तेही नाही झालं तर नुसती पाच मिनिटं बस. रोमकरांस पत्रात ८ व्या अध्यायात लिहिलंय की आपल्याला कशी प्रार्थना करावी कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. म्हणजे शब्द नसणं ही नवीन अडचण नाही, त्याची सोय आधीच केलेली आहे.

झोपेचं तू फक्त एका ओळीत लिहून टाकलंस, की तीन वाजता जाग येते आणि मग झोप नाही, जेवण जात नाही, वजन कमी झालं. हे मला जास्त गंभीर वाटतं. संदेष्टा एलीया झुडपाखाली पडून "आता पुरे, माझा जीव घे" म्हणाला तेव्हा देवाने त्याला ओरडलं नाही, वचनही नाही दिलं, दूत पाठवून आधी भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, आणि परत उठवून परत खाऊ घातलं. बोलणं त्यानंतर झालं. तुला डिप्रेशन आहे की नाही हे मी पत्रावरून नाही सांगू शकत, पण आठ महिने झोप आणि भूक गेली असेल तर डॉक्टरला दाखवायलाच पाहिजे. मेडिकलच्या, म्हणजे आपल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीत जा, किंवा सरकारच्या टेली मानस हेल्पलाईनवर १४४१६ ला फोन कर, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. गोळी घेणं म्हणजे विश्वास कमी, हेही कोणी म्हणेल, त्याला पप्पांच्या इन्सुलिनची आठवण करून दे. आणि कधी जगूच नये असं वाटलं तर रात्र असो की दिवस, आईला उठव आणि तो फोन लाव, वाट बघत बसू नको.

आईला सांग. तू तिला जपतेस हे कळतं मला. पण काकूंचं ते वाक्य तिच्याही समोरच बोललं गेलं होतं ना, आणि तिने त्यावर आजवर एक शब्द काढला नाही असं तूच लिहिलंयस. तुला काय वाटतं, ती रात्री एकटी सगळी प्रार्थना करते तेव्हा तिला सगळं सोपं जातं? कदाचित तीही तुझ्यासाठी बोलत असेल आणि तू तिच्यासाठी वाचत असशील. एखाद्या संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता म्हण, "आई, मला प्रार्थना जमत नाहीये." एवढंच. पुढचं तिला बोलू दे. तिच्याशिवाय आणखी एक माणूस शोध, पाळकसाहेबांच्या मिसेस असतील, कॉलेजची मैत्रीण असेल, जी ऐकून घेईल आणि लगेच वचन काढणार नाही.

इथे मंडळीतल्या बाकीच्यांनाही दोन शब्द. बायबलमधल्या ईयोबावर दुःख कोसळलं आणि त्याचे मित्र आले तेव्हा सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर सगळं बरोबर होतं, त्यांनी तोंड उघडून कारणं द्यायला सुरुवात केली तिथून बिघडलं. मयताच्या घरी जाताना डबा न्या, बँकेचे, पेन्शनचे कागद भरायला मदत करा, नाहीतर नुसते बसा. कारण देवालाच देऊ द्या.

काकूंशी भांडायचं का हे तू विचारलंस. भांडू नको, पण गप्पही बसू नको. पाळकांना सांग की असं बोललं गेलं आणि घराला लागलं, त्यांनी त्यांच्या पद्धतीने बोलावं, ते त्यांचं काम आहे. क्षमा आज नाही झाली तर नाही झाली, ती जबरदस्तीने तोंडातून काढायची गोष्ट नाही.

ऑगस्टमध्ये वर्ष होईल, घरी स्मरणप्रार्थना ठेवाल, सगळी मंडळी येईल, काकूही येतील. त्याची तयारी आत्तापासून कर, नाहीतर जुलैपासूनच तुझी झोप परत उडेल. पाळकांना आधी भेटून सांग की साक्षीसाठी वेळ मोकळा ठेवू नका, कोण बोलणार ते आम्ही ठरवू. वचन योहान ११ मधलं घ्यायला सांग, लाजराच्या कबरेजवळचं, जिथे प्रभूला माहीत होतं की तो आता लाजराला मेलेल्यांतून उठवणार आहे आणि तरी तो रडला. गाणं पप्पांच्या आवडीचं घ्या. प्रार्थना तू करायची नाही, ते आधीच सांगून ठेव. चहा-नाश्त्याचं काम मावशीच्या मुलांकडे दे म्हणजे तुला स्वयंपाकघरात लपून राहावं लागणार नाही आणि आईच्या बाजूला बसता येईल. आणि त्याआधी, जुलैच्या शेवटी, मला परत एक पत्र लिही. प्रार्थना सुरू झाली नसली तरी लिही.